झाड लावणाऱ्याचे झाड

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘छोटा शेतकरी वनशेतीकडे का वळतो’ हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला आहे. या विषयावर बोलणाऱ्या माणसाकडून सामान्यतः दोन गोष्टींची अपेक्षा असते. त्याने प्रथम जमिनीची धूप, घटते जंगल आणि बदलते हवामान यांविषयी चिंता व्यक्त करावी आणि नंतर शेतकऱ्याला झाडाचे महत्त्व पटवून देण्याचा एखादा कार्यक्रम सुचवावा. यांतील पहिली चिंता खरीच आहे, म्हणून मी ती पुन्हा उगाळत नाही. दुसरी गोष्ट मात्र मला मुळातच मान्य नाही. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला झाडाचे महत्त्व आपण शिकवावे, अशी परिस्थिती कधीच नव्हती. त्याला झाड नकोसे का होते, आणि हवे असते तेव्हाही ते त्याला का राखता येत नाही, हे आपणच त्याच्याकडून शिकावयाचे आहे.

जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा. या डोंगरांत वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच पाड्यांवरच्या बाया हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. पूर्वेला येवला, नांदगाव. तेथे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. मधोमध निफाड-दिंडोरीचा बागायती पट्टा. नाशिक जिल्हा एक असला तरी त्यात शेती तीन प्रकारची आहे, आणि या तिन्ही शेतींत झाड वेगवेगळ्या नात्याने उभे राहत आले.

पूर्वेकडच्या जिराईत शिवारात बांधावर बाभूळ असे. ती कोणी मुद्दाम लावलेली नसे. शेळ्यांच्या लेंड्यांतून बी पडे, रोप उगवे, आणि नांगर धरणारा माणूस फाळ जरा बाजूला घेऊन ते राखी. तिच्या लाकडाची औते होत, बैलगाडीच्या चाकाचे भाग होत. शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला आणि उरलेले चुलीला. शेजारी एखादा कडुनिंब. पश्चिमेकडे, कोकणा, वारली आणि महादेव कोळी यांच्या शेतीत, ऐनाच्या फांद्या छाटून, त्या भात-नागलीच्या रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरून राब भाजण्याची रीत होती. तेथे झाड हे शेताचे खतच होते. मोहाचे झाड तर घरातल्या कर्त्या माणसासारखे. ‘वनशेती’ हा शब्द जन्माला येण्यापूर्वीची ही वनशेती आहे. तेव्हा शेतकरी वनशेतीकडे ‘वळतो’ असे म्हणताना आपण जपून बोलले पाहिजे. तो तेथे होताच. त्याला तेथून हुसकावण्यात आले.

कोणी हुसकावले? यंत्राने काही अंशी. गाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, तेव्हा बाभळीचे निम्मे काम संपले. वाटण्यांनी काही अंशी. चार भावांत चार एकर वाटले गेले की पट्टी इतकी अरुंद होते की माझ्या बांधावरच्या झाडाची सावली तुमच्या बाजरीवर पडते. शेतीतल्या भांडणांपैकी किती भांडणे बांधावरून होतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण सावलीवरून किती होतात याचा हिशेब आपण कधी केलेला नाही. छोट्या शेतकऱ्याचे झाड तोडले जाण्याचे एक अगदी साधे कारण असे, की त्याच्याकडे सावली टाकायलाही पुरेशी जमीन नसते.

परंतु सर्वांत मोठा वाटा सरकारचा. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने डोंगर राखीव झाले, गुरांचे रान गेले, राबासाठी फांदी तोडणारा माणूस चोर ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगल खात्यावर ते जे तुटून पडले त्याचे कारण हे होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाचा प्रश्न तर इतका पेटला की मुंबई सरकारला १८८० च्या दशकात त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. स्वातंत्र्यानंतर खात्याचे नाव ‘वन विभाग’ असे सुसंस्कृत झाले. झाड आणि शेतकरी यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस मात्र तोच राहिला.

आता १९८० च्या दशकाकडे येऊ, कारण वनशेती हा शब्द महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला तो नाशिकमुळे. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे विनायकराव पाटील यांनी त्या दशकाच्या पूर्वार्धात निलगिरीची लागवड केली, इतरांना करावयास लावली आणि निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली. ते आपल्या पक्षाचे नव्हते. ते राज्याचे मंत्रीही झाले आणि २०२० मध्ये निवर्तले. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी निलगिरीवर कडाडून टीका केली होती. मीही त्यांत होतो. निलगिरी पाणी पिते, खाली गवत उगवू देत नाही, आणि मुख्य म्हणजे शेतमजुराचा रोजगार खाते, असे आमचे म्हणणे होते. यांतील शेवटचा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. ज्या रानात वर्षाकाठी निंदणी-खुरपणी-काढणीची कामे निघत, तेथे निलगिरी लावली की पाच-सात वर्षे मजुराला त्या बांधाकडे फिरकण्याचे कारण उरत नाही. ज्याला मजुरांची कटकट नको, ज्याचा मुलगा शहरात नोकरीला आहे, त्याला ती म्हणूनच प्रिय होती.

पण टीका करण्याच्या भरात एक गोष्ट आम्ही पाहिली नाही. त्या संस्थेमागचा विचार असा होता, की शेतकऱ्याने झाड हे पीक मानावे आणि बाजारात एकट्याने न जाता संघटितपणे जावे. बांधकामाच्या बल्ल्यांचा व्यापारी एकट्या शेतकऱ्याला उभ्या झाडाचा जो भाव सांगतो तो, आणि शंभर शेतकऱ्यांच्या संस्थेला जो सांगतो तो, यांत फरक असतो. हा तर आपलाच विचार. तो दुसऱ्याने मांडला म्हणून आम्हांला ओळखू आला नाही. असे आपल्या चळवळीत अनेकदा घडले आहे.

त्या लागवडीत छोटा शेतकरी किती होता? दोन एकर कोरडवाहू असलेला माणूस त्यांतील एक एकर सहा वर्षे अडकवून ठेवू शकत नाही. त्या सहा वर्षांत त्याने खावे काय? म्हणून सलग निलगिरी लावली ती ज्यांना थांबणे परवडत होते त्यांनी. छोट्याने लावली ती बांधावर, विहिरीच्या कडेला, नाल्याच्या काठी, दहा-वीस झाडे. आणि नंतर भाव कोसळले तेव्हा तो वाचला तोही याच कारणाने. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात १९८० च्या दशकाच्या अखेरीस निलगिरीचा बाजार कसा बसला, याचा अभ्यास झालेला आहे. शेतकऱ्यांनी लाखोंनी झाडे लावली. ती तयार झाली तेव्हा कागद गिरण्यांना वन खात्याकडून सवलतीच्या दराने लाकूड आणि बांबू मिळत होता, परदेशांतून लगदा आणण्याची मुभा होती, आणि बल्ल्यांची बाजारपेठ भरून गेली होती. सरकारचा एक हात शेतकऱ्याला झाडे लावा म्हणून सांगत होता आणि दुसरा हात त्याच्या लाकडाचा भाव पाडीत होता. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात गिरण्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा असे लिहिले गेले, ते या अनुभवानंतर. लिहिणे आणि होणे यांतले अंतर आपणांस नवे नाही.

याच नाशिकमध्ये पुढे मोगली एरंडाचे प्रकरण झाले. तेलबी म्हणून पडीक जमिनीत लावा, पाणी नको, गुरे खात नाहीत, असा त्याचा महिमा होता. झाड जगले, पण पडीक जमिनीत जगणे वेगळे आणि पडीक जमिनीत पिकणे वेगळे. बी अपेक्षेइतके आले नाही, आलेल्याला गिऱ्हाईक भरवशाचे नव्हते, आणि शेतकऱ्यांनी ती झुडपे उपटून टाकली. हा अनुभव गाठीला असतानाही २००३ मध्ये योजना आयोगाच्या समितीने तोच मोगली एरंड देशभर लावण्याची शिफारस केली, आणि २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले. त्याचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. नाशिकच्या शेतकऱ्याला कोणी विचारले असते तर बराच खर्च वाचला असता.

मग छोटा शेतकरी झाड खरोखर कोणत्या वेळी लावतो? मला तीन कारणे दिसली, आणि तिन्हींत निसर्गप्रेमाचा संबंध फारसा नाही. त्याचे निसर्गावर प्रेम नाही असे मला म्हणावयाचे नाही. ते बोलून दाखविण्याची त्याला गरज भासत नाही, इतकेच.

पहिले कारण भीती. दुखणे, लग्न, दुष्काळ यांची. ज्याच्याकडे बँकेत ठेव नाही त्याच्या बांधावरचा साग ही त्याची ठेव असते. पिकाला काढणीचा दिवस असतो. तो चुकला की पीक गेले. झाडाला तसा दिवस नसतो. भाव नसेल तर ते आणखी दोन वर्षे उभे राहते, आणि नुसते उभे राहत नाही, वाढते. गरिबाच्या हातात वाट पाहण्याची ताकद देणारी एवढी एकच वस्तू आहे.

दुसरे कारण हात कमी पडणे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मुलगा गेला, घरी म्हातारा-म्हातारी उरली, तर चार एकरांपैकी डोंगरकडेचा एकर नांगरणे होत नाही. तेथे आंबा, काजू, बांबू, साग येतो. ही वनशेती आनंदाची नव्हे, नाइलाजाची आहे; पण तीत चूक काही नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. झाड हा ताब्याचा पुरावा असतो. नागलीचे पीक चार महिन्यांत निघून जाते. मागे ते कोणी काढले याची खूण राहत नाही. आजोबांनी लावलेला आंबा मात्र ‘आम्ही येथे होतो’ असे सांगत उभा राहतो. पेठ तालुक्यातील एका पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांचे काम चालले असताना मी गेलो होतो. कागद मागितले तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी पेटी उघडली नाही. ते उठले, आम्हां सर्वांना उतारावर घेऊन गेले आणि एका आंब्याच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन, तसेच बांध, सपाटीकरण यांसारख्या जमिनीवरील कायमच्या सुधारणा पुरावा म्हणून धरल्या जातात. त्यांना नियम ठाऊक नव्हता. पण त्यामागचे तत्त्व त्यांना आपल्यापेक्षा अधिक समजले होते.

यावरून मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. छोटा शेतकरी झाड लावतो तो तीन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी मिळाली तर: ही जमीन वीस वर्षांनी माझी असेल काय? पहिली तीन वर्षे हे रोप जगविण्याइतके पाणी आणि अन्न माझ्याकडे आहे काय? आणि झाड मोठे झाल्यावर ते तोडण्या-विकण्याचा अधिकार मला असेल काय? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर रोपवाटिकेत मिळत नाही.

जमिनीचा प्रश्न प्रथम घेऊ. पश्चिम नाशिकमध्ये आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली कितीतरी जमीन कागदोपत्री वनजमीन आहे. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या काळात काही जमिनी एकसाली म्हणून कसावयास दिल्या गेल्या. नावातच एक साल आहे. एका सालाच्या जमिनीत माणूस नागली पेरील. पंचवीस वर्षांनी फळ-लाकूड देणारे झाड कशाच्या भरवशावर लावील? वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा, चार हेक्टरांच्या मर्यादेत, मान्य करण्याचे ठरविले. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावा असेही त्यात आहे. परंतु दावे वर्षानुवर्षे पडून राहिले, कित्येक नामंजूर झाले, आणि जे मंजूर झाले त्यांत कसत असलेल्या क्षेत्राहून कमी क्षेत्र लिहिले गेल्याच्या तक्रारी गावोगाव आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघून सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेलेला किसान सभेचा मोर्चा आपणांस आठवत असेल. सोललेले तळपाय सगळ्या वृत्तपत्रांनी छापले. त्या मोर्चाचा झेंडा आपला नव्हता. पण त्यांतील फार मोठी संख्या याच पट्ट्यांसाठी चालत होती, आणि माझ्या मते महाराष्ट्रातील वनशेतीच्या इतिहासात त्या मोर्चाचे स्थान कोणत्याही वृक्षारोपण सप्ताहापेक्षा वरचे आहे. पट्टा हातात पडला की माणूस झाड लावतो. पट्टा मिळेल की नाही या अवस्थेत तो लावलेले झाडही राखू शकत नाही.

जगातही हेच दिसते. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला नायजर नावाचा अतिशय गरीब, कोरडा देश आहे. तेथे फ्रेंच अमलापासून शेतातले झाडसुद्धा सरकारचे मानले जाई. त्यामुळे शेतकरी ते वाढूच देत नसे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मराडी भागात शेतकऱ्यांनी जमिनीखालच्या जुन्या बुंध्यांना फुटणारे धुमारे राखावयास सुरुवात केली आणि व्यवहारात ते झाड शेतकऱ्याचेच असे मानले जाऊ लागले. वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे उभी राहिली. लक्षात घ्या, ती लावलेली नव्हेत, राखलेली झाडे होती. आपल्या पूर्वेकडच्या बाभळीसारखी.

आता पाण्याचा प्रश्न. येथे मी थोडा हिशेब मांडतो, कारण आपल्या चर्चांत तो नेहमी गाळला जातो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागांत ‘वाडी’ नावाची पद्धत पसरली आहे. गुजरातमधील वांसद्याला १९८२ मध्ये मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने ती सुरू केली. पुढे नाबार्डने तिला आदिवासी विकासाच्या निधीतून पैसा दिला. एक एकरात आंबा-काजूची कलमे, कडेने वनझाडे, मधल्या पट्ट्यांत नेहमीचीच नागली, वरई, भात, उडीद. मला ही पद्धत आवडते, कारण ती शेतकऱ्याला पोटाचे पीक सोडावयास सांगत नाही. पण हिशेब पाहा. आंबा दहा-दहा मीटरवर लावला तर एकरी ४० कलमे. प्रत्येक कलमाला उन्हाळ्यात आठवड्याला १५ लिटर पाणी धरा. फार धरलेले नाही. आठवड्याला ६०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या हंड्याच्या ४० खेपा. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत सोळा आठवडे धरले तर ६४० खेपा, दरीतून वर, एका उन्हाळ्यात. असे दोन-तीन उन्हाळे. घरचे पिण्याचे पाणी वेगळे.

या खेपा कोण घालते? आपण भाषणात ‘शेतकरी’ हा शब्द पुल्लिंगी वापरतो, पण हंडा ज्या डोक्यावर असतो ते डोके स्त्रीचे असते. फळे आली की आठवडे बाजारात किंवा व्यापाऱ्याकडे नेणारा पुरुष असतो आणि सात-बारावर नावही बहुतेक त्याचेच. वाडी वाळली तेथे ‘आदिवासींना आस्था नाही’ असा शेरा मारणाऱ्यांनी त्या ६४० खेपांपैकी एक तरी घालून पाहावी.

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. खरिपाचे पीक निघाले की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, मग काढणी. मुक्कामी राहतात, मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत त्यांच्या स्वतःच्या कलमाला पाणी हवे, त्याच महिन्यांत ती दुसऱ्याच्या वेलीला फळ धरावयास मदत करीत असतात. मागे पाड्यावर सोडलेली गुरे येतात आणि कलम खातात. हे आळसाने होत नाही, पोटासाठी होते. तो येथे राहिला तर कलम जगेल आणि घर उपाशी राहील.

याला उपाय एकच: आपल्याच शेतात आपलेच झाड जगविण्याच्या कामाला मजुरी मिळणे. हा विचार महाराष्ट्राला परका नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात कसाला लागलेली रोजगार हमी १९९० मध्ये फळबाग लागवडीशी जोडली गेली; शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातील खड्डा, लागवड आणि सुरुवातीची जोपासना ही हमीची कामे ठरली. त्यापूर्वीची हमी म्हणजे खडी फोडणे असा समज होता. येथे प्रथमच गरिबाच्या घामातून गरिबाचीच मालमत्ता उभी राहिली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याखालीही वैयक्तिक जमिनीवरील फळझाडे आणि त्यांची तीन वर्षांची जोपासना बसविण्यात आली. त्या योजनेत दोष पुष्कळ होते. मजुरी महिनोन्‌महिने थकत असे, आणि झाडे किती जगली यावर पुढील वर्षाचा खर्च अवलंबून ठेवल्याने जेथे पाणी सर्वांत कमी तेथेच पैसा प्रथम आटत असे. तरीही तत्त्व बरोबर होते. कायदे बदलोत, योजनांची नावे बदलोत. ‘आपल्या शेतातले झाड जगविणे हे मजुरीचे काम आहे’ हे तत्त्व हातचे जाऊ देता कामा नये.

तिसरा प्रश्न तोडण्याच्या अधिकाराचा. पर्यावरणवादी मित्रांना माझे हे बोलणे रुचणार नाही. झाड तोडण्यावर जितकी बंधने, तितकी झाडे वाचतात, असे त्यांना वाटते. सरकारी जंगलात ते खरे असेल. शेतात नेमके उलटे घडते. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने साग, आंबा, मोह आदी झाडांच्या तोडीला परवानगी आवश्यक केली. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. त्यामागचा हेतू निःसंशय चांगला होता. मालकीच्या जंगलातला उभा साग ठेकेदार दारूच्या आणि उचलीच्या मोबदल्यात लिहून घेत, हे त्या काळी घडत होते. म्हणून विक्री सरकारी यंत्रणेच्या नजरेखाली आणली. पण त्यातून निघाले काय? उताऱ्यावर झाडाची नोंद हवी, जमिनीची मोजणी हवी, झाडांवर खुणा हव्यात, तोडीची परवानगी वेगळी आणि वाहतुकीचा पास वेगळा. या प्रत्येक पायरीवर एक टेबल आहे. दहा झाडांच्या मालकाला ही टेबले पार करणे परवडत नाही. म्हणून तो पुन्हा त्याच ठेकेदाराकडे जातो, जो टेबले ओळखतो, आणि निम्म्या भावात झाड देतो. ठेकेदारापासून वाचविण्यासाठी केलेला कायदा ठेकेदाराला आवश्यक करून ठेवतो. आणि पुढल्या पावसात सागाचे रोप आपोआप उगवले तर तो माणूस ते वीतभर असतानाच उपटतो. मोठे झाले की सरकारचे होईल, ही भीती. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणाने तोड व वाहतूक यांचे हे नियम अडथळा आहेत हे मान्य केले. बांबू २०१७ मध्ये वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून शेताच्या बाबतीत वगळला गेला आणि सुटला. गवताला झाड म्हणणारा कायदा बदलावयास नव्वद वर्षे लागली.

मग आपण कार्यकर्त्यांनी काय करावे? ५ जूनला रोपे वाटू नयेत, असे मी म्हणत नाही. वाटावीत, आणि छायाचित्रही काढावे. पण त्याआधी काही रुक्ष कामे आहेत. ज्या पाड्यावर वनहक्काचे दावे अडले आहेत तेथील ग्रामसभेच्या वनहक्क समितीची कागदपत्रे पाहा. नामंजुरीचे कारण लेखी दिले आहे काय ते तपासा. दिले नसेल तर अपील करा. पट्ट्यावर पत्नीचे नाव आहे की नाही ते वाचा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदविण्याची सोय झाली आहे. आपल्या गावातील किती जणांनी ती वापरली? जी नोंद होत नाही तिच्यापायी उद्या तोडीची परवानगी अडते. ज्या गावात पन्नास शेतकऱ्यांकडे दहा-दहा साग आहेत तेथे त्यांची पाचशे झाडे एका अर्जात, एका मोजणीत, एका लिलावात नेता येतील काय, हे पाहा. चाळीस वर्षांपूर्वी निलगिरीवाल्यांनी जे केले ते आपण सागासाठी, आंब्यासाठी करू शकतो. त्यात मानापमानाचे काही नाही.

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही, आणि ती तुमच्यापुढे ठेवून मी थांबतो. निफाड-सिन्नरकडे आता कितीतरी जमीन तोंडी बोलीवर, अर्धेलीने कसली जाते. कुळकायद्याच्या धास्तीने मालक कागद करीत नाही. दरवर्षी कसणारा बदलतो, किंवा बदलण्याची धमकी असते. अशा माणसाने झाड लावले तर मालकालाच संशय येतो की हा आता येथून हलणार नाही. म्हणून अट घातली जाते: काहीही पेर, पण झाड लावू नकोस. या कसणाऱ्याला पट्टा देता येत नाही, अनुदान देता येत नाही, उताऱ्यावर त्याचे नावच नाही. १९५७ च्या १ एप्रिलला कसेल त्याची जमीन झाली असे आपण सांगत आलो. त्यानंतर जन्मलेल्या या नव्या कुळाबद्दल आपल्याकडे काय धोरण आहे? मजजवळ उत्तर नाही. तुमच्यापैकी जे त्या भागात काम करतात त्यांनी दुपारच्या सत्रात यावर बोलावे, अशी माझी विनंती आहे.